दाराची कडी कोणाच्या हातीं?

गेल्या महिन्यांत एका खेड्यांतील उपदेशकबंधूंनीं आम्हांस चार पानांचें पत्र लिहिलें. पत्रांत राग होता, आणि रागाच्या खालीं दुःख होतें. त्यांच्या मंडळींतील एका बाईस तिचा नवरा दारूच्या भरांत वारंवार मारीत असे. एके रात्रीं ती डोकें फुटलेल्या स्थितींत, कडेवर लहान मूल घेऊन, उपदेशकांच्या दारीं आली. त्यांच्या पत्नीनें तिला आंत घेतलें, जखम बांधली, आणि सकाळीं दोघें पतिपत्नी तिच्याबरोबर तालुक्याच्या गांवीं गेलीं. संरक्षण अधिकाऱ्यांच्या मार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज झाला, आणि कांहीं दिवसांनीं नवऱ्यानें त्या घरांत पाऊल टाकूं नये, तिच्याशीं कोणत्याहि मार्गानें संबंध ठेवूं नये, असा मनाईहुकूम मिळाला. ह्या कामीं उपदेशकांनीं पदरचें मोटारभाडें भरलें, नवऱ्याच्या भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्यांचें स्वतःचें काम कित्येक दिवस खोळंबलें. मग दोन महिने लोटतात न लोटतात तोंच, मृगाचा पाऊस पडून पेरणीची घाई सुरू झाली तेव्हां, त्याच बाईनें नवऱ्यास घरांत घेतलें. आतां पंच म्हणतात कीं, तिनें कोर्टाचा व मंडळीचा अपमान केला. तिला कांहीं काळ सहभागितेपासून दूर ठेवावें, आणि पोलिसांस कळवून नवऱ्यास पकडून न्यावें. उपदेशकांचा प्रश्न असा कीं, पंचांचें म्हणणें मानावें काय?

पत्र वाचून आम्हीं तें दोन दिवस तसेंच ठेविलें. उपदेशकबंधूंचा राग आम्हांस समजतो. बुडणाऱ्यास काढावें आणि त्यानें पुन्हां त्याच डोहांत उतरावें, असें पाहिल्यावर काढणाराचें मन विटणारच. परंतु प्रश्न एका खेड्यापुरता नाहीं. ज्याचें हित करावयाचें त्याच्या इच्छेविरुद्ध तें करावें काय, हा तो प्रश्न आहे. आणि बायको मारणाऱ्या नवऱ्याच्या बाबतींत तो जितका अवघड होतो तितका दुसऱ्या कोठें क्वचितच होत असेल. कारण येथें जिची इच्छा विचारावयाची ती भीतीनें ग्रासलेली असते, आणि भीति घालणारा तिच्याच मुलांचा बाप म्हणून तिच्याच घरांत बसलेला असतो.

प्रथम कायदा काय आहे तें सांगतों, कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्याचें नांव ऐकलें आहे, पण त्याच्या पोटांत काय आहे तें त्यांस ठाऊक नाहीं. १९८३ पासून दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ ह्या कलमांनीं घेतली आहे. तो फौजदारी मार्ग होय. त्यांत गुन्हा नोंदला गेला म्हणजे खटला सरकारचा होतो, आणि बाईनें नको म्हटलें तरी तो सहजासहजीं मागें घेतां येत नाहीं. दोघांचें खरोखर जुळलें असेल तर हायकोर्टास तो रद्द करतां येतो, एवढी वाट सुप्रीम कोर्टानें २००३ सालीं मोकळी केली. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला, तो निराळा आहे. त्यांत नवऱ्यास आरंभींच तुरुंग दाखविलेला नाहीं. मॅजिस्ट्रेट हुकूम देतो. संरक्षणाचा हुकूम मोडला तर मग एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोनहि. अर्ज बाईनें स्वतः करावा, अथवा तिच्यातर्फे संरक्षण अधिकाऱ्यानें किंवा दुसऱ्या कोणीं करावा. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आंत पडावी व साठ दिवसांत निकाल लावण्याचा यत्न व्हावा, असें कायदा म्हणतो. (कोर्टाच्या पायऱ्या झिजविलेल्यांस हे आंकडे वाचून हंसूं येईल, तरी ते कायद्यांत आहेत, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांस नम्रपणें दाखवितां येतात.)

ह्या कायद्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही कीं, त्यांतील मनाई एका अखंड शिळेसारखी नाहीं. तिचे भाग पाडतां येतात. अठराव्या कलमाखालीं नवऱ्यानें मारहाण अगर छळ करूं नये, एवढाच हुकूम मागतां येतो. त्यानें तिच्या कामाच्या जागीं येऊं नये, असा मागतां येतो. तोंडीं, लेखी किंवा फोनवरून तिच्याशीं बोलूं नये, असा मागतां येतो. तिचें स्त्रीधन विकूं नये, असा मागतां येतो. तिच्या नातलगांस किंवा तिला साह्य करणाऱ्या इसमास त्रास देऊं नये, असाहि मागतां येतो. हें शेवटचें आमच्या उपदेशकांनीं व त्यांच्या घरच्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. एकोणिसाव्या कलमाखालीं राहत्या घराचा हुकूम होतो. तिला घरांतून काढूं नये, इतक्यावरच तो थांबूं शकतो, किंवा नवऱ्यानेंच घर सोडून जावें, इथपर्यंत जाऊं शकतो. घर तिच्या नांवावर आहे किंवा नाहीं ह्याचा प्रश्न तेथें येत नाहीं. आणि सामाईक घर सासूसासऱ्यांच्या मालकीचें असलें तरी तेवढ्यानें तिचा राहण्याचा हक्क बुडत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें २०२० सालीं ठरविलें.

म्हणजे कायद्यानें तिच्यापुढें एक दार उघडें किंवा बंद असे दोनच पर्याय ठेविलेले नाहींत. नवरा घरांत राहील पण हात उगारणार नाहीं. उगारला तर त्या क्षणीं तो कोर्टाचा अपराधी होईल, असाहि हुकूम होऊं शकतो. २००६ च्या नियमांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. संरक्षण अधिकाऱ्यानें तिच्या सुरक्षिततेची योजना करावयाची ती तिच्याशीं विचारविनिमय करून करावयाची आहे. आणि पंचविसाव्या कलमाप्रमाणें संरक्षणाचा हुकूम अमलांत राहतो तो तिनें स्वतः तो उठविण्याचा अर्ज करीपर्यंत. कायदा करणाऱ्यांनीं दाराची कडी तिच्या हातीं ठेवण्याचा यत्न केला आहे, हें ह्यावरून दिसेल.

आतां उपदेशकांच्या पत्राकडे पुन्हां पाहूं. त्यांत तिची जखम आहे, मोटारभाडें आहे, भाऊबंदांच्या शिव्या आहेत, मॅजिस्ट्रेटांचे शब्द आहेत. तिला काय हवें होतें, ह्याविषयीं मात्र एक ओळ नाहीं. नवरा घराबाहेर जावा असें तिनें म्हटलें होतें काय? कीं त्याचा मार तेवढा थांबावा, असें तिचें म्हणणें होतें? पेरणीस दुसरा गडी कोठून आणावयाचा, हें अर्ज लिहितांना कोणीं तिला विचारलें होतें काय? आम्हांस वाटतें, सर्वांत मोठा हुकूम तोच सर्वांत चांगला, अशा समजुतीनें तो मागितला गेला. आणि दोन महिन्यांनीं, पाऊस पडल्यावर, तिला जमिनीकडे पाहावें लागलें.

समुद्रापलीकडे, अमेरिकेंत, बाईस न विचारतां मनाई करण्याची वाट पुष्कळ काळ तुडविली गेली आहे, आणि तिची हकीकत आमच्या पंचांनीं ऐकण्याजोगी आहे. तेथेंहि पूर्वीं पोलिस नवराबायकोच्या भांडणांत पडत नसत. १९८१-८२ सालीं मिनियापोलिस शहरांत एक प्रयोग झाला. मारहाणीची वर्दी आली म्हणजे पोलिसांनीं तीनांपैकीं एक उपाय करावा, आणि कोणता करावा हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें अगोदरच ठरलेलें असावें: मारणाऱ्यास अटक करणें, त्यास आठ तास घराबाहेर घालविणें, किंवा दोघांस समजावून सांगणें. पुढील सहा महिन्यांत, अटक झालेल्यांनीं पुन्हां मारल्याचें प्रमाण कमी आढळलें. हें प्रसिद्ध झाल्यावर अनेक राज्यांत असे नियम झाले कीं, बाई हो म्हणो वा नको म्हणो, पोलिसांनीं अटक करावीच. सरकारी वकिलानें खटला सोडूं नये. आणि फौजदारी कोर्टानें पहिल्याच तारखेस नवऱ्यास घराकडे फिरकण्याची मनाई करावी. ही मनाई उठविणें बाईच्या हातीं नसतें. ती कोर्टानेंच उठवावयाची. हेतु वाईट नव्हता. नवरा बायकोस धमकावून फिर्याद मागें घ्यावयास लावतो. तिच्या हातीं कांहीं ठेविलेंच नाहीं तर धमकावून तो मिळविणार काय? ह्या युक्तिवादांत जोर आहे, व आम्ही तो हलका लेखीत नाहीं.

परंतु तोच प्रयोग इतर शहरांत करून पाहतां निकाल एकसारखा येईना. मिल्वॉकी शहरांत असें दिसलें कीं, नोकरी असलेला मनुष्य अटकेनें दबतो, आणि बेकार मनुष्य सुटून आल्यावर अधिक मारतो. त्या शहरांतील ११२५ स्त्रियांचा तेवीस वर्षांनीं पुन्हां मागोवा घेण्यांत आला. ज्यांच्या पुरुषांस ताकीद देऊन सोडलें होतें त्यांच्यापेक्षां, ज्यांच्या पुरुषांस अटक झाली होती त्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ६४ अधिक आढळलें. कृष्णवर्णीय स्त्रियांत तर तें जवळजवळ दुप्पट. हे मृत्यु बहुतेक खुनानें नव्हे, तर हृदयविकारासारख्या आजारांनीं झाले होते. एका शहराच्या आंकड्यांवर आम्ही मोठी इमारत उभारूं इच्छीत नाहीं. तरी इतकें खरें कीं, बाईस बाजूला सारून तिचें रक्षण करणारांस वाटलें तितकें तें काम सोपें निघालें नाहीं.

ओहायो राज्यांत तर गोष्ट याहून पुढें गेली. एका बाईनें संरक्षणाचा हुकूम मिळविला होता, आणि मग मुलाच्या वाढदिवसास तिनें स्वतःच त्या पूर्वीच्या नवऱ्यास घरीं बोलाविलें. भांडण झालें, पोलिस आले, आणि त्याच्याबरोबर तिच्यावरहि खटला झाला. हुकूम मोडण्यास तिनें साह्य केलें म्हणून. खालच्या कोर्टांनीं तिला दोषी धरलें. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं तो निकाल फिरविला. जिच्या रक्षणासाठीं हुकूम दिला आहे तिलाच तो मोडण्याच्या साह्याबद्दल शिक्षा करतां येणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. आमच्या पंचांनीं त्या बाईस सहभागितेपासून दूर ठेवण्याचा जो विचार चालविला आहे तो ओहायोच्या खालच्या कोर्टांच्या जातीचा आहे.

येथें कोणी म्हणेल, तर मग सर्व तिच्या इच्छेवर सोडून आपण घरीं स्वस्थ बसावें. तसेंहि नाहीं. त्याच देशांतील कोलोराडो राज्याची एक हकीकत आहे, ती लिहितांना हात जड होतो. एका आईजवळ नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाईहुकूम होता, आणि तो मोडल्यास पोलिसांनीं अटक करावी असें तेथील कायद्यांत स्पष्ट लिहिलें होतें. १९९९ च्या जून महिन्यांत त्या मनुष्यानें तिच्या तीन मुलींस नेलें. ती संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पोलिसांस पुन्हां पुन्हां कळवीत राहिली; तिला थांबावयास सांगण्यांत आलें. पहाटेपूर्वीं तो मनुष्य पोलिस ठाण्यावर गोळ्या झाडीत आला व मारला गेला. त्याच्या गाडींत तीनहि मुली मृत सांपडल्या. २००५ सालीं त्या देशाच्या सुप्रीम कोर्टानें सात विरुद्ध दोन मतांनीं असा निकाल दिला कीं, हुकूम पोलिसांकरवीं अमलांत आणून घेण्याचा राज्यघटनेप्रमाणें तिला हक्क नव्हता. ह्या बाईनें मागावयाचें तें सर्व मागितलें होतें. तिची इच्छा काय होती ह्याविषयीं कोणास शंका नव्हती. उठून जाणारा कोणी नव्हता, एवढेंच. तिच्या इच्छेचा मान राखणें म्हणजे ती नको म्हणते तेव्हां थांबणें, हें अर्धेंच झालें. ती या म्हणते तेव्हां धांवत जाणें हें दुसरें अर्ध, आणि गांवोगांवीं तेंच अधिक महाग पडतें.

आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहिलें तर एक गोष्ट लाज वाटण्यासारखी दिसते. आजचे पंच बाईस सांगतात, नवऱ्यास घरांत घेऊं नको. परवांपर्यंत हेच पंच तिला सांगत असत, नवऱ्याच्या घरीं परत जा. दोन सांगण्यांत दिशा उलट आहे, पण सांगण्याची रीत तीच आहे. मुंबईच्या हायकोर्टांत रखमाबाईंचा खटला चालला तो पुष्कळांस ठाऊक असेल. अकराव्या वर्षीं लग्न लागलेल्या ह्या मुलीनें मोठेपणीं नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं नवऱ्यानें दावा लाविला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं तो काढून टाकिला. अपिलांत तो पुन्हां उभा राहिला. आणि १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं हुकूम दिला कीं, महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाई म्हणाल्या, कैद पत्करली. पुढें १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. बाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथें त्यांनीं आयुष्यभर रोगी तपासले. पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ह्या खटल्याची हकीकत जगापुढें ठेविली. ख्रिस्ती समाजानें त्या वेळीं हिंदु समाजाकडे बोट दाखविलें; परंतु आमच्याच १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांत ख्रिस्ती पत्नीस केवळ क्रूरपणाबद्दल घटस्फोट मिळत नव्हता. क्रूरपणाच्या जोडीला व्यभिचारहि सिद्ध करावा लागे. नवऱ्यास मात्र पत्नीचा व्यभिचार एकटा पुरे होता. नुसता मार खाणारीस वेगळें राहण्याचा हुकूम मिळे, पण ती त्याचीच बायको राही. मुंबई हायकोर्टानें १९९७ सालीं ही विषमता अमान्य केली, आणि कायदा बदलला तो २००१ सालीं. म्हणजे एकशें बत्तीस वर्षें आम्हीं तिला विचारलें नाहीं. आतां तिला न विचारतांच उलट्या बाजूस ढकलूं लागलों तर सुधारणा कोणती झाली?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. मारणाऱ्याचा हात धरण्यास तिची परवानगी लागत नाहीं. भिंतीपलीकडून किंकाळी ऐकूं आली आणि शेजारी दार तोडून आंत गेला, तर त्यानें कोणताहि अपराध केला नाहीं. २००५ च्या कायद्यानेंहि, जो कोणी अशी हिंसा घडत आहे किंवा घडणार आहे असें सद्‌बुद्धीनें समजून संरक्षण अधिकाऱ्यास कळवील त्यास अभय दिलें आहे. मुलांवर हात पडत असेल तर तेथें आईची इच्छा एकटी पुरत नाहीं. मूल हें तिसरें माणूस आहे, आणि त्याच्यासाठीं आपल्यास बोललेंच पाहिजे. तसेंच, त्यानें कधीं गळा दाबला असेल, शस्त्र उगारलें असेल, जीव घेईन असें ठरवून सांगितलें असेल, तर ह्या खुणा साध्या मारहाणीहून फार निराळ्या आहेत. गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढें खून होण्याचा संभव किती तरी वाढतो, असें शोधकांनीं दाखविलें आहे. अशा वेळीं ती नको म्हणत असली तरी पोलिसांस कळवावें, आणि आपण कळविलें हें तिला तोंडावर सांगावें. मात्र हात धरून झाल्यावर, जखम बांधून झाल्यावर, तिचें घर कसें चालावें, नवरा त्यांत असावा कीं नसावा, केव्हां असावा, किती अंतरावर असावा, हें ठरविण्यास तिची परवानगी हवी. तेथें आपण पाहुणे आहों.

हा भेद बोलण्यास सोपा आहे. अडचण येते ती तिच्या होकारांतच भीति मिसळलेली असते तेव्हां. ती म्हणते, येऊं द्या त्याला. पण हें कोण बोलत आहे, ती कीं तिची भीति? पंचांपैकीं एक वृद्ध गृहस्थ असें म्हणाले, असें उपदेशकांनीं लिहिलें आहे, आणि हा प्रश्न पोरकट नाहीं. आमचें उत्तर असें कीं, भीतीनें दिलेला होकार आपण नाकारला म्हणून भीति जात नाहीं. तिला आतां दोघांची भीति वाटूं लागते, एक नवऱ्याची व दुसरी आपली. भीति कशाची आहे तें पाहावें आणि तें काढावें. धान्याची असेल, तर विसाव्या कलमाखालीं खर्च व पोटगी मागतां येते. मुलें हिरावून घेतील अशी असेल, तर एकविसाव्या कलमाखालीं ताबा मागतां येतो. छपराची असेल, तर घराचा हुकूम आहे. घरांत महिन्याचे दाणे आणि अंगणांत कडी लावतां येईल असें दार असलें म्हणजे तिला पुन्हां विचारावें. तेव्हांहि ती त्यास घेईन म्हणाली तर तें तिचें बोलणें समजावें, मग आपणांस तें आवडो वा न आवडो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसास सहसा सुचत नाहीं. नवऱ्यास सोडण्याची वेळ हीच स्त्रीच्या जिवास सर्वांत धोक्याची असते. सोडतांना आणि त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत खुनाचें भय वाढतें. तो कशानें चिडतो, किती पिऊन आला म्हणजे हात उचलतो, कोणत्या नातलगाच्या शब्दाला दबतो, हें तिच्याइतकें मॅजिस्ट्रेटास ठाऊक नसतें, पोलिसास नसतें, आणि उपदेशकासहि नसतें. ती आज नको म्हणते तें पुष्कळदां मूर्खपणानें नव्हे. वेळ ओळखून म्हणते. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्यास काय हवें असेल हें सर्व जमावास दिसत होतें, तरी प्रभूनें त्यास आधीं विचारलें.

विचारावें कसें, हेंहि शिकलें पाहिजे. सासू उंबऱ्यावर बसली असतां विचारणें म्हणजे न विचारणें होय. पंचांच्या बैठकींत, बारा पुरुषांसमोर, उभें करून विचारणें म्हणजे त्याहूनहि वाईट. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणींत, अठरा ते एकोणपन्नास वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं नवऱ्याकडून मारहाण अगर जबरदस्ती झाल्याचें सांगितलें. आणि ज्या स्त्रियांनीं अशी हिंसा कोणाकडूनहि सोसली होती त्यांपैकीं शेंकडा ७७ जणींनीं मदत तर मागितली नव्हतीच, पण कोणास सांगितलेंहि नव्हतें. ज्या मंडळींत शंभर घरें आहेत त्या मंडळीच्या पाळकानें हे आंकडे घेऊन रविवारीं बांकांकडे एकदां पाहावें. मुंबईच्या पोलिस ठाण्यांत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेनें पोलिसांच्या साह्यानें स्त्रिया व मुलें ह्यांसाठीं विशेष कक्ष चालविला, आणि पुढें तो महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं पसरला. तेथील रीत अशी कीं, बाईचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें, वाटा कोणकोणत्या आहेत त्या दाखवाव्या, आणि निवड तिनें करावी. खेड्यांतील उपदेशकाच्या पत्नीस हें काम कोणत्याहि कक्षाहून चांगलें साधेल. तिच्याकडे पीठ मागावयास जाण्याचें निमित्त कोणासहि पुरतें.

उपदेशकबंधूंस आम्हीं उत्तर पाठविलें आहे तें असें. त्या बाईस सहभागितेपासून दूर ठेवूं नये. मनाईहुकूम नवऱ्यावर होता, तिच्यावर नव्हता. कायद्यांत शिक्षा सांगितली आहे ती त्याला. मात्र तिनें बोलाविलें म्हणून हुकूम आपोआप उठत नाहीं, आणि तो उठेपर्यंत नवरा तेथें कोर्टाच्या अवज्ञेंत राहत आहे, हें त्या दोघांसहि सांगावें. तुमच्या पत्नीनें तिला एकटीस गांठून विचारावें कीं, तिला काय हवें. नवरा घरांत हवा आणि मार नको, असें ती म्हणाली, तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घरांत न येण्याची मनाई तेवढी उठविण्याचा व मारहाणीची मनाई कायम ठेवण्याचा अर्ज करावा. वकिलाचा खर्च पडणार नाहीं. १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोणत्याहि स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीहि असो, विधि सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. गळ्यास हात लागला, शस्त्र निघालें, मुलास मारलें, तर ११२ ह्या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावें, तिला विचारीत बसूं नये. सल्ल्यासाठीं १८१ हा क्रमांक आहे.

एक गोष्ट पंचांसाठीं वेगळी लिहिली. चार पानांच्या पत्रांत शिस्त लावण्याचा विचार एकदांच आला आहे, आणि तो मार खाणारीविषयीं आहे. नवराहि त्याच मंडळीचा सभासद आहे, त्याचाहि बाप्तिस्मा त्याच मंदिरांत झाला आहे. त्यास मात्र पंचांनीं अद्याप एकदांहि बोलाविलेलें नाहीं. पोलिसांकडे त्याची वर्दी देण्यास जे तयार झाले त्यांनीं त्याच्याशीं आधीं स्वतः चार शब्द बोलावयास हवे होते. तो दारू कोठें पितो हें गांवांत सर्वांस माहीत आहे, व दुकानाचा मालक कोण हेंहि माहीत आहे, असें आम्हांस दुसरीकडून कळतें.

पत्र मिळाल्याची पोंच आली आहे. पत्नी त्या बाईस शेतावर जाऊन भेटली आणि दोघी बांधावर बराच वेळ बसल्या होत्या, इतकें उपदेशकांनीं कळविलें आहे. बाईनें काय सांगितलें तें त्यांनीं लिहिलेलें नाहीं, आणि तें आम्हांस लिहिण्याचें त्यांस कारणहि नाहीं.